निळ्या रेघेपर्यंतचं पाणी

यंदा चैतातच टँकर सुरू झाले. नांदेडला गोदावरी असून टँकर, हे मला अजून पटत नाही. पण खालून हॉर्न वाजला की माझी सून वैशाली तव्यावरची पोळी तशीच काढून ठेवते, बादल्या उचलते आणि दोन मजले उतरून जाते, तेव्हा पटवून घ्यावं लागतं. मी दारापाशी खाटेवर बसलेला असतो. दिवसा बसलेला, रात्री बसलेला. आडवं झालं की पाणी वर चढतं. टँकरचं नव्हे, छातीतलं.

मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. हृदय म्हणजे पंप आहे, तुमचा पंप कमजोर झाला, म्हणून पाणी पुढं जात नाही, फुप्फुसात साचतं, पायात उतरतं. मी म्हणालो, "म्हंजे पंप जळाला आन् विहीर भरली, असंच ना?" ते हसले. "हाव बाबा, तसंच." मग हसू आवरून त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं आणि ती माझ्याकडं न देता वैशालीकडं दिली. त्यावर माझ्या पाण्याचं माप होतं.

तेव्हापासून रोज सकाळी वैशाली एक बाटली भरून माझ्या उशाशी ठेवते. चहा आणि वरणातलं पाणी वजा जाऊन जे उरतं ते या बाटलीत. बाटलीवर तिनं निळ्या पेनानं दोन रेघा मारल्यात. पहिल्या रेघेपर्यंतचं दुपारपर्यंत पुरवायचं, दुसऱ्या रेघेपर्यंतचं दिवस बुडेपर्यंत. तळाचं रात्रीच्या गोळ्यांना. रेघ आल्यावर बाटलीला हात गेला की ती आतून कशी बघते कोण जाणे, पण बघते.

"बाबा, आता नाही. रेघ आली."

"एक घोट."

"संध्याकाळी."

ती पोरगी वाईट नाही. तिच्या आवाजात माया असते आणि मायेच्या माणसाशी भांडता येत नाही. परक्यानं अडवलं असतं तर मी बघून घेतलं असतं. आमच्या गावात, अहमदपूरच्या बाजूला, केरबाच्या नादी लागू नका म्हणायचे लोक. आता केरबा बाटलीकडं बघून राहिलाय आणि बाटली केरबाकडं.

मी उभा जन्म दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पहार हातात आली ती साठी उलटेपर्यंत सुटली नाही. किती गावांना पाणी लावून दिलं ते मोजलं नाही. कोरड्या गेल्या त्या मात्र सगळ्या ध्यानात आहेत. माणसाचं असंच असतं.

तहान कशी असते हे मला वाटायचं मला माहीत आहे. नव्हतं माहीत. उन्हातली तहान घशाला लागते, पाणी पिलं की मिटते. ही तहान जिभेखाली बसून असते. पाणी समोर आहे, खाली टँकरचं पाणी रस्त्यावर सांडतंय, त्याचा मातीवर पडल्याचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत येतोय, आणि माझ्या अंगात इतकं पाणी आहे की नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. पायात पाणी, छातीत पाणी, तोंडात थुंकी नाही.

श्वासाचं तर विचारूच नका. पूर्वी तो आपला आपण यायचा. आता प्रत्येकाला बोलावून आणावं लागतं. न्हाणीपर्यंत जायचं म्हणजे आधी मनात ठरवायचं, भिंतीला हात कुठं लावायचा, कपाटापाशी किती थांबायचं. बोलताना मधेच वाक्य तुटतं, आणि समोरचा मला काय म्हणायचं होतं ते स्वतःच म्हणून टाकतो. बहुतेक वेळा ते चूक असतं. पण दुरुस्त करायला पुन्हा दम लागतो, म्हणून मी हाव म्हणतो. मी, ज्यानं कुणाच्या चुकीला हाव म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी खाली फिरायला जायचो. चालता चालता धाप लागली की थांबायचं कसं? लोक बघतात. मग मी दुकानाच्या पाट्या वाचायचो. मान वर करून, अक्षर अक्षर लावून. मेडिकल, झेरॉक्स, शिलाई मशीन दुरुस्ती, सगळं पाठ झालं. शाळेत जेवढं वाचलं नाही तेवढं त्या वर्षात वाचलं. एकदा चपलेच्या दुकानदारानं विचारलं, "काका, रोज माझी पाटी वाचताय, काही चुकलंय का?" मी म्हणालो, "रंग उडायलाय. बघून घे." आणि श्वास आला तसा पुढं गेलो.

दवाखान्यात चाकाची खुर्ची आणली तेव्हा मी बसणार नाही म्हणालो. लांबलचक व्हरांडा, मी चालत निघालो. मुलगा मागं, वैशाली पुढं. अर्ध्यात डोळ्यापुढं अंधारी आली आणि शुद्धीवर आलो तेव्हा खुर्चीतच होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कळलं की इथून पुढं माझ्या हो-नाहीला वजन राहणार नाही. वजन राहणार ते काट्यावरचं. रोज सकाळी चहाच्या आधी वैशाली काटा सरकवते, मी भिंत धरून त्यावर चढतो. वजन वाढलं म्हणजे अंगात पाणी वाढलं.

छातीचे डॉक्टर वेगळे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बीडी किती ओढत होता?"

"बिलकूल न्हाई."

"मग छाती अशी कशानं झाली?"

"विहिरीनं."

त्यांनी वैशालीकडं पाहिलं. वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. धुराचं कुणाला सांगायचं.

ते धुराचं सांगायचं तर त्या उन्हाळ्यावर यावं लागतं. तसं तर मी रोजच तिथं जाऊन बसतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. आमचं गाव आधी उस्मानाबादेत होतं, ते एके दिवशी लातुरात गेलं. गावातलं कुणी जागचं हललं नाही, पण जिल्हा बदलला. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेब नवे. आणि पाऊस मात्र दुसऱ्या वर्षीही आला नव्हता. नव्या जिल्ह्यात दरखास्ती चालल्या, जुन्या विहिरी आणखी खोल करायच्या निघाल्या. माझा जोडीदार मस्तानभाई, सुरुंग लावणारा माणूस, लातूरची नवी पाटी बघून म्हणाला होता, "केरबा, जिल्हा तो नया आया, पानी पुरानाच गायब है."

त्या उन्हाळ्याचा रंग पांढरा होता. आभाळ निळं नव्हतं, तापलेल्या पत्र्यासारखं होतं. बाभळीच्या शेंगा वाळून खुळखुळ वाजायच्या. गुरं छावणीवर गेली होती, म्हणून शिवारात घंट्यांचा आवाज नव्हता. भाकरी फडक्यातून बाहेर काढेपर्यंत कडक व्हायची. आणि विहिरीच्या तळाशी मात्र, तीस-पस्तीस हातांवर, अंधार आणि थोडा गारवा. वर बघितलं तर परातीएवढं आभाळ. मला तिथं बरं वाटायचं. वरच्या जगात मी कोण होतो हे सगळ्यांना माहीत होतं. खाली फक्त खडक होता, आणि खडक जात विचारत नाही.

काम असं चालायचं. खडकाला भोकं पाडायची, मस्तानभाई दारू ठासून वात लावायचा, सगळे लांब पळायचे, धडाका व्हायचा. मग धूर. विहिरीतला धूर लवकर निघत नाही. तो तळाशी कोंडून राहतो, पिवळट, तिखट. तास-दोन तास थांबायचं असतं. मी थांबायचो नाही. धूर बसायच्या आत उतरणारा गडी म्हणून पंचक्रोशीत माझं नाव होतं. तोंडाला फडकं बांधायचो, दोराला धरायचो आणि उतरायचो. काठावरून मस्तानभाई ओरडायचा, "अबे रुक! धुआँ बैठने दे! बाद में रोएगा!" खालून मी हसायचो. खोकत खोकत हसायचो.

आता नळकांड्याच्या मशीनची वाफ नाकाला लावून बसतो तेव्हा त्याचा आवाज आठवतो. मस्तानभाई कधीच गेला. तो असता तर म्हणाला असता, देखा? आणि मला त्याला हाव म्हणावं लागलं असतं.

माझी बायको ध्रुपदा त्याच कामावर होती. मी खाली फोडायचो, बाया काठावर आलेला दगड पाटीत भरून ढिगावर टाकायच्या. तिला दमा होता. आमच्याकडं त्याला दमा म्हणायचे आणि त्यापुढं काही करायचे नाहीत. ढिगाच्या चढावर ती मधेच थांबायची, कमरेवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून, मान थोडी पुढं काढून. मला लाज वाटायची. वाटायचं, लोक म्हणतील केरबाची बायको कामचुकार. मी खालून आवाज द्यायचो, "चल की गं!" ती चालायला लागायची.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा बाप दीक्षा घेऊन आला त्या दिवशी त्यानं घरात दोन गोष्टी सांगितल्या. एक, देव काढा. दुसरी, आजपासून ओंजळीनं पाणी प्यायचं नाही. पूर्वी आमच्या माणसांना पाणी कसं मिळायचं, तर ओंजळ करून खाली बसायचं आणि समोरच्यानं वरून ओतायचं. भांड्याला भांडं लागू नये, हाताला हात लागू नये. बाप म्हणाला, भांड्यात देत असतील तर प्या, नाहीतर तहानलेले राहा, मरत नाही माणूस. मी तेव्हा लहान होतो. त्याचा आवाज असा होता की मला वाटलं आपण उंच झालो. ते वाक्य मी सांभाळलं. कुठल्याही कामावर गेलो तरी घरचं मडकं सोबत असायचं.

त्या दिवशी बाराच्या सुमाराला सुरुंग उडाला. मस्तानभाई वात पेटवून, धडाका ऐकून दुसऱ्या विहिरीवर निघून गेला. बाभळीखाली आमचं मडकं होतं. दगडाची एक कपची उडत गेली आणि बरोबर त्यावर बसली. खापऱ्या झाल्या. ओल सुद्धा उरली नाही, जमिनीनं सगळं एका दमात ओढून घेतलं. ध्रुपदा त्या खापऱ्यांकडं बघत उभी राहिली. आमचं घर तिथून दोन कोस. दिवस अर्धा बाकी.

मालकाचा आखाडा, शेतातलं घर, जवळच होता. मालकीणकाकूंनी आवाज ऐकला असणार. त्या तांब्या घेऊन आल्या. उन्हासाठी पदर डोक्यावर, पायात चपला नाहीत. त्यांच्या घरी तरी कुठं पाणी होतं, बैलगाडीवर पिंप लादून दोन गावं ओलांडून आणायचे. तरी आल्या. ध्रुपदापासून हातभर लांब थांबल्या आणि म्हणाल्या, "धर गं ओंजळ. लई दम लागलाय तुला."

ध्रुपदाचे हात वर आले. पूर्ण नाही, अर्धे. बोटं जुळायला लागली होती. तिच्या छातीतली शिटी मला विहिरीच्या काठावर ऐकू येत होती.

मी म्हणालो, "ध्रुपदा. हात खाली घे."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"काकू, भांड्यात द्या. भांड्यात दिलं तर पिऊ."

काकू हातातल्या तांब्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाप नव्हतं, हे मी आज लिहून ठेवतो. हाताला सवय होती. तो एकच तांब्या त्यांनी आणला होता आणि तो आमच्या तोंडाला लागला तर त्याचं पुढं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. मग म्हणाल्या, "अरे केरबा, ती मरायलीय उन्हानं. तुझी अकड काय पाणी पाजणार हाय का तिला?"

"मरत न्हाई ती."

बापाचंच वाक्य. फक्त बापानं ते स्वतःबद्दल म्हटलं होतं.

काकू उभ्या राहिल्या, उभ्या राहिल्या आणि मग तांब्या घेऊन परत गेल्या. ध्रुपदानं पाटी उचलली. दिवस कलेपर्यंत तिनं दगड वाहिला. मीही पिलो नाही, हे खरं आहे. पण मला दमा नव्हता. तेव्हा नव्हता.

घरी जाताना ती वाटेत तीनदा खाली बसली. मी पाच पावलं पुढं जाऊन पाठ करून थांबायचो. "चल. घरी गेल्यावर पी." तिसऱ्यांदा बसली तेव्हा ती दोन्ही हात जमिनीला टेकून होती आणि खांदे वर-खाली होत होते, जसे आता माझे होतात. मी मागं वळून बघितलं नाही. आवाज ऐकला. तो आवाज मी आता स्वतःच्या छातीतून रोज ऐकतो, म्हणून ओळखीचा आहे.

घरी आल्यावर तिनं रांजणातला तांब्या भरून घेतला आणि पिली. दुसरा भरला, पिली. चूल पेटवली.

बोलली ती खूप वर्षांनी. पोरगा नोकरीला लागला होता, दुष्काळ गेला होता. अंगणात ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी अपमान माझा व्हता. गिळायचा का थुकायचा, माझं मी बघितलं असतं."

मला क्षणभर कळलंच नाही कोणता दिवस. मग कळलं. मी म्हणालो, "माझ्या बापानं…"

"मामंजींचं बराबर व्हतं," ती म्हणाली. "पर तहान त्यांची न्हवती." आणि सुपातला एक खडा उचलून तिनं लांब फेकला.

मी आजही म्हणणार नाही की बापाचं चुकलं. ओंजळीत पाणी पिणं हे पाणी पिणं नव्हे, हे मी माझ्या नातवंडांना सांगीन. भांडं मागितलं ते बरोबर मागितलं. पण ताठ मान माझी होती आणि त्या मानेसाठी घसा मी ध्रुपदाचा वापरला. एवढी एक गोष्ट कळायला मला स्वतःची छाती भरून यावी लागली, पाण्यानं.

शेवटच्या वर्षी ध्रुपदा रात्रभर बसून असायची. भिंतीला पाठ लावून. मी झोपेतून चिडून म्हणायचो, "पड की गप." ती म्हणायची, "पडते." पडायची नाही. आता तीन उशा पाठीला लावून मीच बसलेला असतो आणि मला कुणी पड म्हणत नाही. तिला सांगावं वाटतं, की मला आता कळलं, पडता येत नाही. कुणाला सांगू? तिला एक तांब्या पाणी द्यायचं राहिलं. तेवढंच माझ्या जिवाला लागून राहिलंय. या औषधांत, त्या वाफेत, काट्यावर चढताना, ध्यान सगळं तिथंच. आणि माझ्या हातात आता पाणी म्हणजे ही बाटली, तीही दुसऱ्याच्या मापाची.

परवाची गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. टँकर आला म्हणून वैशाली बादल्या घेऊन खाली रांगेत गेली होती. हवा यावी म्हणून दार उघडं. जिना झाडायला मंगल नावाची बाई येते, चाळिशीची, बारीक. तिच्या झाडूचा आवाज वर वर येत होता. आमच्या मजल्यावर आला आणि थांबला. मग मला तो दुसरा आवाज ऐकू आला. शिटी. मी मान वळवली. मंगल कठड्याला धरून उभी होती, तोंड उघडं, मान पुढं.

"बाबा, घोटभर पाणी हाय का? खालचा नळ कोरडा हाय."

मी बाटली उचलली. पहिल्या रेघेपर्यंतचं सकाळी संपवलं होतं, बाकीचं होतं. झाकण काढलं. ती दारात आली, उंबऱ्याबाहेरच बसली आणि दोन्ही हात पुढं करून ओंजळ केली.

"वरून वता, बाबा. मी तोंड लावत न्हाई."

माझा हात वर गेलेला होता. तिथंच राहिला.

"थांब," मी म्हणालो. "गिलास आणतो."

स्वयंपाकघर माझ्या खाटेपासून चौदा पावलं आहे. मोजलेली आहेत. मी बाटली हातात घेऊनच उठलो, कपाटापर्यंत गेलो. कपाटाला धरलं. आत सगळं गच्च झालं, श्वास गळ्याशी येऊन परत जायला लागला. अजून नऊ पावलं. मागं मंगलच्या छातीत शिटी, पुढं माझ्या छातीत घरघर, आणि मधे पाणी. मागून ती घाबरून म्हणाली, "बाबा, ऱ्हाऊ द्या. बसा तुम्ही. मला नको पाणी."

मला नको पाणी.

पुन्हा एक बाई माझ्यापायी तहानलेली निघाली होती. ओंजळीत ओतलं असतं तर बाप समोर उभा होता. गिलासापर्यंत जावं तर पाय माझे नव्हते. मी वळलो. कसा वळलो माहीत नाही. खाटेवर बसलो, बसलो म्हणजे पडलोच, आणि अख्खी बाटली तिच्याकडं धरली.

"घे. तोंड… लाव."

"तुमची बाटली हाय. उष्टी हुईल."

"हू दे."

"न्हाई बाबा, ताई रागावतील."

"पी… गं… बये." ओरडायला दम नव्हता, म्हणून ते विनवल्यासारखं निघालं. जन्मात मी कुणाला पाणी पी म्हणून विनवलं नव्हतं.

तिनं बाटली घेतली. आधी थोडं पिली, माझ्याकडं बघितलं. मग डोळे मिटून पिली. नरडं वर-खाली होताना दिसत होतं. दुसरी निळी रेघ गेली. तळ आला. रिकामी बाटली तिनं पदरानं पुसून उशाशी ठेवली आणि म्हणाली, "लई बरं वाटलं." झाडूचा आवाज खाली खाली गेला.

वैशाली घामानं भिजून वर आली. बादल्या ठेवल्या. बाटलीकडं बघितलं.

"बाबा! सगळं पिलात?"

मी हाव म्हणून मान हलवली.

"सगळं? एका दमात? तुम्हाला काय झालं म्हणजे मी ह्यांना काय सांगू? लहान आहात का तुम्ही?" तिचे डोळे भरले होते. मी सांगू शकलो असतो. पण सांगायचं तर मंगलचं सांगावं लागणार, मंगलचं सांगायचं तर काकूंचं, काकूंचं तर बापाचं, आणि माझ्याजवळ चार शब्दांपुरता श्वास होता. शिवाय सांगितलं असतं तर ते माझं चांगलं काम झालं असतं. तसं ते नव्हतं.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. पाण्याची गोळी, लघवीची, अर्धी जास्त द्या म्हणाले. चमच्याएवढ्या पाण्याबरोबर ती गिळली. मग दिवसभर बाटली भरली गेली नाही. अंगातलं होतं तेही निघून जात राहिलं. पोटऱ्यांत गोळे आले, ओठ टाळूला चिकटले. पाणी मागितलं नाही. फार काही केलं असं नाही. एका उन्हाळ्याच्या मानानं एक दिवस म्हणजे काहीच नाही, आणि ज्या माणसाला ते पोचायला पाहिजे त्याला ते पोचत नाही, हे मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीनं काटा सरकवला. मी भिंत धरून चढलो. तिनं वाकून बघितलं. उतरा म्हणाली, परत चढा म्हणाली. परत बघितलं.

"किलोभर कमी आहे," ती म्हणाली. "नुसत्या अर्ध्या गोळीनं एवढं उतरत नाही. बाबा, काल तुम्ही पाणी पिलातच नाही ना?"

मी खाटेवर बसलो. खिडकीतून ऊन आलं होतं, पांढरं.

"खरं सांगा. कोण पिलं?"

मी श्वास गोळा केला. आला तेवढ्यात जे बसलं ते म्हणालो.

"तुझी सासू."

वैशाली धावत आत गेली, डॉक्टरांनी दिलेला, अंगातला प्राणवायू मोजायचा बोटाचा चिमटा आणला आणि माझ्या बोटाला लावून लाल आकड्याकडं डोळे लावून बसली.

आकडा बरा निघाला.